हाताशी असलेल्या लेन्समधून मॅक्रो छायाचित्रण: एक्स्टेन्शन ट्यूब आणि क्लोजअप लेन्स कशा वापराव्यात

कोल्हापुरात परसदारी कढीपत्ता किंवा लिंबू लावलेली घरे पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्यात त्या झाडांच्या कोवळ्या पानांवर लिंबू फुलपाखराची किंवा कॉमन मॉर्मनची अंडी थोडे शोधले तरी सापडतात. असे एक अंडे साधारण एक मिलिमीटर व्यासाचे असते. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या नेहमीच्या लेन्सने त्याचे छायाचित्र घेतले, तर पानावरचा फिकट ठिपका एवढेच हाती लागते; त्याचा मोत्यासारखा गोलावा, त्याखालच्या पानाची लव आणि शिरा यांतले काहीही दिसत नाही. स्वतंत्र मॅक्रो लेन्स हा यावरचा सरळ उपाय असला, तरी तिची किंमत अनेकदा मूळ कॅमेऱ्याइतकीच असते आणि नवख्याने सुरुवातीलाच एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे आधीच असलेल्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब किंवा क्लोजअप लेन्स जोडून हे काम फार चांगले होते. मात्र यांपैकी कोणते साधन घ्यायचे, हे दुकानात काय स्वस्त मिळते यावरून ठरवायचे नसून आपल्या लेन्सच्या फोकल लेंग्थवरून (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्यावरून) ठरवायचे असते. ही एक गोष्ट समजली की पुढचे सगळे सोपे होते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

वर्धनाचा हिशेब

मॅक्रोमध्ये वर्धन म्हणजे वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, पडणारी प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट आहे ते. दहा मिलिमीटर लांबीच्या किड्याची प्रतिमा सेन्सरवर दहा मिलिमीटर पडली, तर वर्धन १:१, म्हणजे एकपट झाले. पाच मिलिमीटर पडली, तर अर्धपट. बहुतेक साध्या ५० मिलिमीटर लेन्स स्वतःच्या बळावर सुमारे ०.१५ ते ०.२ पटीपर्यंतच पोहोचतात.

एक्स्टेन्शन ट्यूब ही आतून पोकळ असलेली नळी असते. तिच्यात काच नसते. ती कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसते आणि लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, त्यामुळे लेन्स अधिक जवळच्या वस्तूवर फोकस करू शकते. तिच्यामुळे किती वर्धन वाढेल हे काढण्यासाठी ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावे. २५ मिलिमीटरची ट्यूब ५० मिलिमीटर लेन्सला लावली तर ०.५ पट वाढ मिळते. तीच ट्यूब २०० मिलिमीटर लेन्सला लावली तर वाढ ०.१२५ इतकीच असते, जी जवळजवळ जाणवतही नाही.

क्लोजअप लेन्स ही फिल्टरप्रमाणे लेन्सच्या पुढच्या तोंडावर बसणारी भिंगाची चकती असते. तिची ताकद चष्म्याच्या नंबराप्रमाणेच डायऑप्टरमध्ये सांगतात: +१ म्हणजे फोकल लेंग्थ एक मीटर, +२ म्हणजे ५० सेंटीमीटर, +४ म्हणजे २५ सेंटीमीटर, +१० म्हणजे १० सेंटीमीटर. मुख्य लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर, फोकस केलेली असताना मिळणारे वर्धन काढायचे, तर मुख्य लेन्सच्या फोकल लेंग्थला क्लोजअप लेन्सच्या फोकल लेंग्थने भागावे. +४ ची चकती ५० मिलिमीटर लेन्सवर ०.२ पट वर्धन देते, पण २५० मिलिमीटरवर तीच चकती पूर्ण एकपट देते.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहिले, की निवड आपोआप होते. ट्यूबच्या हिशेबात मुख्य लेन्सची फोकल लेंग्थ भाजक आहे, क्लोजअप लेन्सच्या हिशेबात तीच भाज्य आहे. म्हणून आखूड लेन्सला ट्यूब लावावी आणि लांब लेन्सला क्लोजअप लेन्स. ज्याच्याकडे ५० मिलिमीटरची प्राइम (झूम नसलेली) लेन्स आहे त्याने ट्यूबचा संच घ्यावा; ज्याच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी टेलिझूम आहे त्याने चांगल्या प्रतीची क्लोजअप लेन्स घ्यावी. ज्याच्याकडे फक्त १८-५५ ची किट लेन्स आहे, त्याने ती ५५ मिलिमीटरवर ठेवून दहा ते वीस मिलिमीटरची ट्यूब वापरावी. त्याच लेन्सच्या १८ मिलिमीटर टोकाला २० मिलिमीटरची ट्यूब लावली, तर फोकसचे ठिकाण लेन्सच्या काचेला जवळजवळ चिकटते आणि मधे वस्तू ठेवायला जागाच उरत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात असू द्यावे.

खरेदी करताना काय पाहावे

ट्यूब दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात नुसते धातूचे किंवा प्लॅस्टिकचे रिंग असतात, ज्यांतून कॅमेरा आणि लेन्स यांच्यात विजेचा कोणताही संपर्क राहत नाही. दुसऱ्या प्रकारात सोनेरी संपर्कबिंदू असतात आणि त्यांतून ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राचा, आदेश लेन्सपर्यंत पोहोचतो. पहिला प्रकार काही शे रुपयांत मिळतो आणि दुसऱ्यासाठी काही हजार मोजावे लागतात, तरीही नवख्याने दुसराच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. संपर्क नसलेल्या ट्यूबवर कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर राहते, आणि ॲपर्चरची कडी नसलेल्या निकॉनच्या जुन्या धाटणीच्या जी लेन्सचे ॲपर्चर उलट अगदी लहान होऊन बसते. पहिल्या परिस्थितीत फोकसची खोली उरत नाही, दुसऱ्या परिस्थितीत व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, आणि शिकणाऱ्याला नेमके काय चुकते आहे ते कळत नाही. निकॉनची ५० मिलिमीटर एफ/१.८ डी यासारखी ॲपर्चरची कडी असलेली लेन्स किंवा जुनी मॅन्युअल लेन्स असेल, तर मात्र साध्या ट्यूबही उत्तम चालतात, कारण ॲपर्चर हातानेच ठरवता येते.

संच निवडताना एसएलआर कॅमेऱ्यांसाठी १२, २० आणि ३६ मिलिमीटर अशा तीन ट्यूबचा संच सोयीचा असतो. तिन्ही एकत्र लावल्यास ६८ मिलिमीटर होतात आणि ५० मिलिमीटर लेन्सवर दीडपटीच्या आसपास वर्धन मिळते. एकटी ३६ ची ट्यूबही पाऊणपटीच्या पुढे नेते. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी बहुधा १० आणि १६ मिलिमीटरच्या जोड्या मिळतात. आपला माउंट (कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याचा जोड) नेमका कोणता आहे हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावे आणि जोडणीचा भाग धातूचा असल्याची खात्री करावी, कारण प्लॅस्टिकच्या जोडावर जड लेन्स सैल हलते आणि ती हालचाल मॅक्रोमध्ये लगेच दिसते.

क्लोजअप लेन्सच्या बाबतीत काचेची प्रत हाच सगळा प्रश्न आहे. +१, +२, +४ आणि +१० अशा चार चकत्यांचे स्वस्त संच सर्रास विकले जातात. त्यांत प्रत्येक चकती एकाच भिंगाची असते आणि तिच्यामुळे चित्राच्या कडांना मऊपणा येतो व उजळ रेषांभोवती जांभळ्या-हिरव्या किनारी उमटतात. हात बसवण्यासाठी असा संच वाईट नाही, पण त्यातली +१० ची चकती मी कोणालाही सुचवणार नाही. दोन भिंगे एकत्र चिकटवून रंगदोष काढलेल्या ॲक्रोमॅटिक क्लोजअप लेन्स मिळतात आणि टेलिझूम असणाऱ्याने थेट त्याच घ्याव्यात. कॅननची ५००डी ही +२ ची, २५०डी ही +४ ची, तर रेनॉक्सच्या डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० या अनुक्रमे +४.८ आणि +८ ताकदीच्या आहेत. नावात कॅनन असले तरी ती चकती कोणत्याही कंपनीच्या लेन्सवर बसते. जुळायला हवा तो फक्त फिल्टरच्या आट्यांचा व्यास, जो लेन्सच्या तोंडाशी तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाच्या चिन्हापुढे ५२, ५५, ५८ असा लिहिलेला असतो. व्यास जुळत नसेल तर स्टेप-अप रिंग वापरून मोठ्या व्यासाची चकती छोट्या लेन्सवर लावता येते. रेनॉक्सच्या या दोन लेन्सना तर चिमट्यासारखा जोड असतो आणि तो ५२ ते ६७ मिलिमीटरपर्यंतच्या कोणत्याही तोंडावर बसतो.

या दोन साधनांतला आणखी एक फरक प्रकाशाचा आहे. क्लोजअप लेन्समुळे प्रकाश कमी होत नाही. ट्यूबमुळे तो होतो, आणि एकपट वर्धनाला पोहोचेपर्यंत सेन्सरवर पडणारा प्रकाश सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉपने कमी उरतो (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो). कॅमेऱ्याचे मीटर ही घट धरूनच वाचन देते, म्हणून वेगळी आकडेमोड करण्याची गरज नाही, पण शटर मंदावते हे ध्यानात ठेवावे लागते.

जोडणी

लेन्स काढताना कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली धरावे आणि हे काम शक्यतो घरातच उरकावे. ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्याकडेच्या धुळीत उभे राहून ट्यूब बदलणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे होय. आधी ट्यूब कॅमेऱ्यावर बसवावी, टक् असा आवाज आल्याची खात्री करावी आणि मग लेन्स ट्यूबवर बसवावी. एकाहून अधिक ट्यूब असतील तर प्रत्येकीची सोडवण्याची कळ वेगळी असते. सगळा जोड एकदम पिळला तर भलताच सांधा सुटून लेन्स हातात येते, म्हणून ज्या सांध्यावर काम करायचे आहे त्याच्या दोन्ही बाजू धरूनच फिरवावे.

क्लोजअप लेन्स लावण्यापूर्वी पुढचा यूव्ही फिल्टर काढून टाकावा. दोन चकत्या एकत्र लावायच्या झाल्या तर अधिक ताकदीची आत, कॅमेऱ्याच्या बाजूला, आणि कमी ताकदीची बाहेर लावावी. तीन चकत्या एकावर एक लावू नयेत.

ट्यूब लावली असताना दूरचे काहीही फोकस होणार नाही. क्लोजअप लेन्सबाबतही तसेच. हा बिघाड नव्हे. साधन काढले की लेन्स पूर्ववत होते.

पहिला सराव: स्टीलची पट्टी

पहिल्या दिवशी किड्यांच्या मागे लागू नये. घरातील खिडकीजवळ टेबलावर मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी सपाट ठेवावी आणि कॅमेरा तिच्या बरोबर वर, तिला समांतर धरून छायाचित्र घ्यावे. लेन्सचे फोकस मॅन्युअलवर असावे. चित्रात डावीकडून उजवीकडे पट्टीचे किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागावे. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरची रुंदी कॅननमध्ये सुमारे २२.३ आणि निकॉन-सोनीमध्ये सुमारे २३.५ मिलिमीटर असते, फुल-फ्रेम या मोठ्या सेन्सरची ३६. पट्टीचे ४५ मिलिमीटर दिसत असतील तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर तुम्ही अर्धपटीवर आहात. प्रत्येक ट्यूबसाठी, आणि झूम असेल तर तिच्या दोन-तीन फोकल लेंग्थसाठी, हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढे समोर टाचणी (चतुरासारखा बारीक अंगाचा किडा) किंवा मुंगी आली, की कोणती जोडणी लागेल ते पाहताक्षणी सांगता येते.

त्यानंतर पट्टी तशीच ठेवून कॅमेरा तिरका धरावा आणि मधल्या एका खुणेवर फोकस साधून एफ/४, एफ/८ आणि एफ/१६ अशी तीन छायाचित्रे घ्यावीत (एफचा आकडा जितका मोठा, तितके ॲपर्चरचे छिद्र लहान). किती खुणा स्पष्ट आहेत ते मोठे करून मोजले, की फोकसच्या खोलीबद्दल वेगळे व्याख्यान लागत नाही. अर्धपट वर्धनावर एफ/८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम दोन मिलिमीटर असते. एकपटीवर ती अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरवर येते. मग थेट एफ/१६ किंवा एफ/२२ का वापरू नये, असे साहजिकच वाटते. अडचण अशी, की वर्धन वाढते तसे ॲपर्चर प्रत्यक्षात लिहिलेल्या आकड्याहून लहान होत जाते: ट्यूब लावून एकपटीवर एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखे. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो पसरतो, आणि सगळे चित्रच मऊ पडते. त्यामुळे पट्टीवरच्या तिसऱ्या छायाचित्रात अधिक खुणा दिसतील, पण त्यांतली एकही दुसऱ्या छायाचित्रातल्या मधल्या खुणेइतकी धारदार नसेल. नवख्याने एफ/८ धरून चालावे आणि फार तर एफ/११ पर्यंत जावे.

फोकस साधण्याची रीत

मॅक्रोमध्ये फोकसची कडी वर्धन ठरवण्यासाठी वापरायची आणि फोकस मात्र शरीराच्या हालचालीने साधायचा, ही सवय सर्वांत आधी लावून घ्यावी. हव्या त्या वर्धनावर कडी ठेवून द्यावी, व्ह्यूफाइंडरमधून पाहत कॅमेरा हळूहळू पुढे न्यावा आणि किड्याचा डोळा स्पष्ट होताच बटण दाबावे. बटणाचा दाब आणि शरीराचा पुढचा झोक यांचा मेळ बसायला सराव लागतो. एकेका छायाचित्राऐवजी तीन-चार सलग घेतली तर त्यांतले एक बहुधा अचूक बसते.

आधार नसेल तर हे जमत नाही. गुडघा जमिनीवर टेकवावा, कोपर दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावे. मला सर्वांत उपयोगी पडते ती रीत वेगळी आहे: डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने किडा बसलेली काडी हळूच धरायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्स टेकवायची. त्यामुळे वारा आला तरी काडी आणि लेन्स एकत्र हलतात आणि त्यांच्यातले अंतर बदलत नाही. ट्यूब लावलेल्या ५० मिलिमीटर लेन्ससाठी ही रीत जणू बेतलेलीच आहे, कारण एकपटीच्या आसपास वस्तू लेन्सच्या तोंडापासून सहा-सात सेंटीमीटरवरच असते.

टेलिझूमवर क्लोजअप लेन्स लावली असेल तर कामाची पद्धत थोडी बदलते, आणि इथे एक मोठी सोय आहे. मुख्य लेन्स अनंतावर ठेवल्यास वस्तूचे अंतर क्लोजअप लेन्सच्या फोकल लेंग्थइतकेच राहते, मग झूम ५५ वर असो की २५० वर. म्हणजे +४ ची चकती लावून तुम्ही वस्तूपासून २५ सेंटीमीटरवर उभे राहिलात, की जागेवरून न हलता आधी ५५ वर पूर्ण फूल पाहता येते आणि मग झूम वाढवत नेऊन परागकोशावर पोहोचता येते. फोकस किंचितच दुरुस्त करावा लागतो. ट्यूब लावलेल्या झूमवर असे होत नाही, तिथे झूम हलवली की फोकसही निसटतो. रंकाळ्याच्या किंवा कळंब्याच्या काठच्या गवतावर बसलेल्या टाचण्यांसाठी ही २५ सेंटीमीटरची दूरी फार मोलाची आहे. लेन्स सहा सेंटीमीटरवर नेली की टाचणी उडते. पाव मीटरवरून ती बहुधा बसून राहते.

डोळा स्पष्ट असला, की प्रेक्षक बाकीचा धूसरपणा सहज मान्य करतो. टाचणी किंवा चतुर यांचे पूर्ण लांबट शरीर स्पष्ट हवे असेल, तर छिद्र लहान करण्यापेक्षा सेन्सर त्या शरीराला समांतर आणणे अधिक परिणामकारक असते. त्यासाठी कधी दोन पावले बाजूला सरकावे लागते, कधी जवळजवळ जमिनीवर झोपावे लागते.

प्रकाश

शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ४०० अशी सुरुवात केली तर पावसाळी ढगाळ दिवसात चित्र हमखास काळे येईल. आयएसओ वाढवणे हा एक मार्ग आहे. फ्लॅश हा त्याहून चांगला मार्ग आहे, कारण कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो आणि हाताचा कंप व पानाची हालचाल दोन्ही गोठवतो. मॅन्युअल फ्लॅश १/१६ ताकदीवर ठेवून सुरुवात करावी आणि चित्र पाहून कमी-जास्त करावी.

कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश मात्र तसाच वापरू नये. एवढ्या जवळच्या वस्तूवर लेन्सचीच सावली पडते, आणि भुंग्याच्या पाठीवर एक जळका पांढरा ठिपका उमटतो. घरगुती डिफ्यूझर बनवणे सोपे आहे: दुधी रंगाच्या पातळ प्लॅस्टिकचा किंवा दुहेरी बटर पेपरचा वीतभर रुंद तुकडा घ्यावा, त्याच्या एका टोकाला लेन्सच्या व्यासाचे भोक पाडून तो लेन्सवर चढवावा आणि दुसरे टोक फ्लॅशच्या खाली वाकवून रबराने बांधावे, म्हणजे प्रकाश वरून, पडद्यातून गाळून किड्यावर पडतो. पडदा वस्तूच्या जितका जवळ येईल तितका प्रकाश मऊ होतो. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा ज्या गावात घडवला, त्या गावात पुठ्ठा, कात्री आणि फेव्हिकॉल घेऊन डिफ्यूझर बनवायला कोणाला संकोच वाटू नये. फ्लॅशमुळे मागचा भाग काळाकुट्ट येत असेल, तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा किंवा वस्तूमागे थोड्या अंतरावर एखादे हिरवे पान धरावे.

घरातला विषय: साज

बाहेर पाऊस कोसळत असताना सरावासाठी कोल्हापुरी साजाइतका चांगला विषय नाही. चंद्र, बेलपान, शंख, नाग, कासव, भुंगा अशा आकारांची त्याची पाने इतकी लहान असतात, की अर्धपट वर्धनावर दोन-तीन पानेच चौकटीत मावतात आणि त्यांच्या कडेचा बारीक गोळ्यांचा नक्षीदार काठ सराफाच्या दुकानात भिंगातून दिसतो तसा समोर येतो. घरातला साज काढावा, गडद रंगाच्या सुती कापडावर पसरावा, थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी ठेवावा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद करावे आणि बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा.

सोन्याचा पृष्ठभाग आजूबाजूचे सगळे दाखवतो. पहिल्याच चित्रात कासवाच्या पाठीवर तुमच्या काळ्या लेन्सचे आणि खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब दिसेल. खिडकीवर पांढरा पातळ कागद लावून गज घालवावेत, आणि पांढऱ्या कार्डशीटच्या मध्यभागी लेन्सपुरते भोक पाडून ते लेन्सभोवती लावावे, म्हणजे सोन्याला दिसायला पांढरेच काय ते उरते. विरुद्ध बाजूला मात्र काळ्या कागदाची एक अरुंद पट्टी ठेवावी. पूर्ण पांढऱ्यात सोने सपाट व फिके दिसते आणि त्या एका काळ्या रेषेमुळे पानाचा फुगीरपणा पुन्हा उठून येतो. पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) खिडकीच्या प्रकाशाला जुळवून घ्यावा, नाहीतर सोने पितळेसारखे दिसते.

साज हलत नाही, म्हणून फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे एकत्र करणे, शिकायलाही तोच घ्यावा. ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवून सर्वांत जवळच्या कडेपासून सुरुवात करावी आणि फोकसची कडी केसभर फिरवत किंवा फोकसिंग रेल असेल तर कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत, सर्वांत लांबच्या कडेपर्यंत छायाचित्रे घेत जावे. प्रत्येक चित्रातला स्पष्ट पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला असला पाहिजे. ही सर्व छायाचित्रे संगणकावर एकत्र केली, की संपूर्ण पान एकसारखे स्पष्ट मिळते.

बाहेर पडताना

कोल्हापूरच्या आसपास मॅक्रोसाठी दोन हंगाम विशेष चांगले आहेत. पहिला पावसाळ्याच्या उतारावरचा, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, जेव्हा पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर फुले येतात. तिथली सीतेची आसवे किंवा दवबिंदू ही इवलीशी कीटकभक्षी रोपे पाहायला पोट जमिनीला लावावे लागते. दवबिंदूच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो, तो एक मिलिमीटरहूनही लहान असतो आणि त्यात अडकलेले चिलट पाहायचे तर एकपट वर्धन लागतेच. इथे ५० मिलिमीटर आणि ट्यूब यांची जोडी घेऊन जावी. पठारावरचा वारा बारीक देठांना क्षणभरही स्थिर राहू देत नाही, म्हणून सोबत्याला छत्री आडवी धरायला सांगावी. चालताना उघड्या कातळावरूनच पाय टाकावा आणि झोपण्यापूर्वी आपल्याखाली काय येते आहे ते पाहावे, कारण एका चित्रासाठी वीतभर जागेतली रोपे चेपून टाकणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही.

दुसरा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीच्या पहाटेचा. थंडीत गारठलेले किडे सूर्य वर येईपर्यंत हलत नाहीत आणि त्यांच्या अंगावर दव साचलेले असते. या वेळी ट्रायपॉडसुद्धा वापरता येतो, एरवी शेतात तो अडचणच करतो. शहराबाहेर कोणत्याही बांधावर रुईचे झुडूप सापडते आणि त्यावर पिवळा मावा, तो खाणारे लेडीबर्ड भुंगेरे आणि प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या असा सगळा संसार एकाच फांदीवर भेटतो. मावा दीड-दोन मिलिमीटरचा असल्याने एकपटीहून अधिक वर्धन वापरून पाहण्यासाठी तो चांगला. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असतो, तेव्हा फांदी हाताने धरल्यास हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये.

मोठ्या विषयांना कमी वर्धन लागते, हे उत्साहात विसरले जाते. ब्लू मॉर्मन, जे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, त्याचे पंख पसरल्यावर तळहाताहून रुंद होतात. त्याच्यासाठी टेलिझूम नुसतीच पुरते, फार तर +१ किंवा +२ ची चकती लावावी. राधानगरी अभयारण्यात जायचे असेल तर वन विभागाचे नियम व प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि पावसाळ्यात जळवांची तयारी ठेवावी. कोणत्याही ठिकाणी किडा स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणे, पंख चिकटवणे किंवा अंडी असलेले पान तोडून आणणे हे प्रकार करू नयेत.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि क्लोजअप लेन्सच्या चकत्या डबीत बंद असल्याने त्यांच्याकडे लवकर लक्ष जात नाही. त्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा उजेडात धरून तपासाव्यात.

पुढचे पाऊल

काही महिन्यांनी अधिक वर्धन हवेसे वाटले, तर ट्यूब आणि क्लोजअप लेन्स एकत्र वापरता येतात. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सला ३६ ची ट्यूब आणि पुढे +४ ची ॲक्रोमॅटिक चकती लावली, की प्रत्येकीची कमतरता दुसरी थोडीफार भरून काढते. स्वतंत्र मॅक्रो लेन्सची गरज खरी केव्हा निर्माण होते, तर एकाच फेरीत कधी पूर्ण झुडूप आणि कधी त्यावरचा मावा असे वारंवार बदलावे लागते, आणि ट्यूब काढघाल करण्यात किडा निघून जातो तेव्हा; कारण मॅक्रो लेन्स अनंतापासून एकपटीपर्यंत काहीही न काढता-घालता जाते. तोपर्यंत वहीत लिहिलेले पट्टीचे आकडे कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवावेत आणि ज्या ट्यूबवर सर्वाधिक काम होते तीच लावून घरातून निघावे.